निळा म्हणजे गरम

आमच्या मुलुंडच्या घरी बाथरूममध्ये गरम पाण्याच्या नळावर निळा ठिपका आहे आणि गार पाण्याच्या नळावर लाल. जगभर याच्या उलट असतं, हे मलाही ठाऊक आहे. मुक्कामाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आमच्याकडची रीत पहिल्या तांब्यातच कळायची. आतून ‘आई गं!’ असं ऐकू आलं की बाहेर पेपर वाचत बसलेले श्रीधरभाऊजी मान वर न करता म्हणायचे, “सांगितलं होतं. निळा म्हणजे गरम.”

श्रीधरभाऊजी माझे धाकटे दीर. गेल्या हिवाळ्यात गेले. मी शाळेत ग्रंथपाल होते. पुस्तकाचं करतात तसं माणसाचं कार्ड मनातल्या मनात करायची मला सवय आहे. भाऊजींचं कार्ड करायला घेतलं की ‘विषय’ या रकान्यापाशी मी अडते.

नळांची कल्पना त्यांना एकाएकी सुचली. निळ्या-लाल ठिपक्यांचं पाकीट विकत घेऊन आले आणि येता येता नळाच्या दुकानदाराशी वादही घालून आले.

“हे उलटं छापलंय,” ते त्याला म्हणाले.

“काका, कंपनीतूनच असं येतं.”

“कंपनीतल्या माणसाने कधी गॅस पेटवलाय का? ज्योत निळी असते की नाही? आणि विझत आलेला निखारा कसा असतो? लाल. मग जास्त गरम कोण?”

“काका,” दुकानदार म्हणाला, “तुम्ही घरी जाऊन उलटे लावा ना. कोण अडवतंय?”

भाऊजींनी हा सल्ला शब्दशः पाळला.

उपनगरातल्याच एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. पण त्यांचं खरं घर म्हणजे प्रयोगशाळेतला कोपरा. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला पदार्थ एकेक अंशाने तापवत, डोळा लावून ते तासन्‌तास बसायचे. विषय होता द्रवस्फटिक. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, “भाऊजी, तुम्ही नक्की करता काय?”

“वहिनी, तुमच्या शाळेचंच बघा. प्रार्थनेला मुलं रांगेत उभी असतात, तो घन पदार्थ. शाळा सुटल्यावर फाटकातून सुटतात, तो द्रव. आणि सहलीला निघालेली मुलं? रांग मोडलेली असते, कोण कुठेही सरकत असतं, पण तोंडं सगळ्यांची एकाच दिशेला. ते द्रवस्फटिक. मी सहलीचा मास्तर.”

इतकं सोपं मला नंतर कुणी काही समजावून सांगितलं नाही.

या सहलीतल्या रेणूंना ते ‘आपली मंडळी’ म्हणत. टीव्ही, कॅल्क्युलेटर, मनगटावरचं घड्याळ, जिथे पडदा तिथे आपली मंडळी. “वीज दिली की उभी राहतात, काढली की आडवी होतात. सेकंदात कितीतरी वेळा. कुरकुर नाही.” कुणाच्याही घरी गेलं की ते खिशातून खास काळा चष्मा काढून टीव्हीसमोर मान आडवी करायचे. तसं केलं की चित्र काळं होतं. मान सरळ केली की परत येतं. “गेलं. आलं. गेलं. आलं.” मी ओशाळून यजमानीणबाईंना म्हणायची, “मानेचा व्यायाम आहे त्यांचा.”

सोसायटीच्या ऑफिसात नवा टीव्ही आला, तेव्हा भाऊजी क्रिकेट बघायला गेले आणि दहा मिनिटांत परतले. चेहरा सुतकी.

“काय झालं? आऊट झाले का सगळे?” ह्यांनी विचारलं.

“नव्या जातीचा पडदा आहे, दादा. ठिपके स्वतःच पेटतात. त्यात आपली मंडळी नाहीत.”

त्या रात्री ते जेवले नाहीत. सामना आमच्या जुन्या टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिला, हरलेला असूनही.

घाई त्यांना सोसत नसे. “घाई केली की बिंदू चुकतो,” हे त्यांचं ब्रीद. पदार्थ कुठल्या अंशाला वितळतो, कुठल्या अंशाला निवळतो, ते बिंदू त्यांना नेमके लागत. चहासुद्धा ते बारीक आचेवर असा करायचे की तो होईपर्यंत पिणाऱ्याची तल्लफ निघून जायची. ह्यांचा स्वभाव नेमका उलट. हे मूळचे उतावळे, मालवणी तोंडाचे. “शिऱ्या, माका चाय होयी, संशोधन नको!”

पुढे ह्यांना मधुमेहाने गाठलं आणि पायांची संवेदना हळूहळू गेली. चप्पल पायातून निघून गेलेली कळायची नाही. एका रविवारी हे गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून पेपर वाचत बसले. पाणी किती कढत आहे, ते त्यांना समजलंच नाही. मी आत आले तेव्हा पाय भाजले होते. जखमा भरायला कित्येक महिने गेले. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर पाय वाचेलच असं सांगता येणार नाही.

भाऊजी त्या सकाळी घरातच होते. दवाखान्याच्या बाकावर ते मला एवढंच म्हणाले, “वहिनी, माझ्या खिशात थर्मामीटर होता.”

त्यानंतर ते कॉलेजातून उशिरा येऊ लागले. एका जातीचे द्रवस्फटिक उष्णतेप्रमाणे रंग बदलतात. गार असताना काळे, मग तांबडे, मग हिरवे, आणि फार गरम झाले की निळे. वेगवेगळी मिश्रणं करून भाऊजींनी ते हिरवं नेमकं आंघोळीच्या कोमट पाण्यावर आणून बसवलं. प्लास्टिकमध्ये बंद केलेली बोटभर पट्टी त्यांनी स्टीलच्या बादलीला बाहेरून चिकटवली आणि ह्यांना सांगितलं, “हिरवी दिसली तरच पाय.”

ह्यांनी दुसऱ्या दिवशी ती वापरली. आत गेले, पट्टी लाल दिसली. लाल म्हणजे कढत, असं समजून ह्यांनी गार पाणी ओतलं. पट्टी काळी पडली. उष्णतेने जळली असं वाटून आणखी ओतलं. बादली वाहू लागली, तरी पट्टी काळीच. शेवटी त्याच पाण्याने आंघोळ उरकून हे बाहेर आले ते दात वाजवतच. “शिऱ्या! तुझी पट्टी आणि तू! हिवान मेलंय मी!”

भाऊजींनी पट्टी पाहिली, बादलीत बोट बुडवलं आणि आत गेले. मी हसले होते, हे कबूल करते.

पुढे ह्यांना पट्टीची सवय झाली. एक पट्टी साधारण ऋतूभर टिके. रंग मंद व्हायच्या आत भाऊजी नवी लावायचे. ह्यांचे पाय पुन्हा कधी भाजले नाहीत. आमच्याकडे आलेल्याला हे धोतर सावरत आधी बाथरूम दाखवायचे. “माझो भाव डॉक्टर आसा. औषधाचो नाय, रंगाचो.”

भाऊजी गेले ते ध्यानीमनी नसताना, दुपारच्या झोपेत. दहाव्याला त्यांचे विद्यार्थी आले. एकजण पडदे बनवणाऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. तो ह्यांच्या पायाशी बसून म्हणाला, “सरांनी आम्हाला वाट बघायला शिकवलं, काका.” हे त्याला बाथरूम दाखवायला घेऊन गेले.

महिन्याभरात बादलीवरची पट्टी काळी पडली. गरम पाणी घाला, गार घाला, काळीच. मी म्हटलं, “मी कोपर बुडवून बघत जाईन.”

“मी काय तान्हं पोर आसंय?”

थर्मामीटर आणला, तर ह्यांना त्यातले आकडे दिसेनात. शेवटी हे गार पाण्यानेच आंघोळ करू लागले. थंडीचे दिवस, वय सत्तरीपुढचं. खोकला लागला. रोज सकाळी मी दाराबाहेर उभी राहायची आणि आतून तांब्याचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायची.

आमच्या फ्रिजमध्ये भाऊजींचे डबे नेहमीच असायचे. प्रत्येकावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, ‘खाऊ नये’. त्या डब्यांना हात न लावण्याची शिस्त घरात इतकी मुरली होती की ते आम्हाला दिसेनासेच झाले होते. एकदा कोकम आगळाची बाटली सांडली, म्हणून मी फ्रिज रिकामा केला. मागे एक डबा होता. तो मी आयुष्यात पहिल्यांदा उघडला.

आत काळ्या कागदाची पाकिटं, एकावर एक, नंबर घातलेली. प्रत्येकात एक पट्टी. निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळा मिळणार नाही, म्हणून आधीच करून ठेवलेल्या. वर चिठ्ठी होती. ‘दादासाठी. उजेडात ठेवू नये. एका वेळी एकच काढावी. घाई करू नये.’ सगळ्यात खालच्या पाकिटावर वेगळं लिहिलं होतं. ‘ही शेवटची. ही लावलीत की मला सांगा, पुढच्यांची सोय करतो.’

ती चिठ्ठी आणि त्या पाकिटावरचं मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी ते खालचं पाकीट पुन्हा डब्याच्या तळाशी सरकवलं. मग म्हणाले, “शेवटची थंयच ऱ्हवांदे.”

दुसऱ्या दिवशी आतून हाक आली, “हिरवी झाली गो!” कितीतरी दिवसांनी बाथरूमच्या दाराखालून वाफ आली.

मग मी भाऊजींच्या वह्या चाळायला घेतल्या. अंश, मिश्रणं, रंग. पानांमागून पानं. एका पानावर मात्र आकडे नव्हते. तारीख ह्यांच्या त्या गार आंघोळीच्या दिवशीची. खाली तीन वाक्यं.

‘दादाच्या डोक्यात नळ बसला आहे. दादा बदलणे कठीण. नळ बदलावा.’

मी वही मिटली. ती ज्योत, तो निखारा, दुकानदाराशी घातलेला वाद, पाहुण्यांची आरडाओरड, सगळं एका माणसाच्या नजरेला वळण लागावं म्हणून. आणि हे सगळं तुझ्या आजारासाठी चाललंय, असं त्या माणसाला एकदाही वाटू दिलं नाही.

मागच्या आठवड्यात नळ गळत होता, म्हणून प्लंबर बोलावला. काम झाल्यावर तो मला म्हणाला, “मावशी, ठिपके उलटे लावलेत कुणीतरी. सरळ करून टाकतो, त्याचे पैसे नको.”

मी काही बोलायच्या आत हे काठी टेकत आले. इतकं ताठ उभं राहिलेलं मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

“हात लावू नको! गॅस पेटवलायस कधी? ज्योत कसल्या रंगाची असता?”

“निळ्या, काका.”

“आणि विझत इलेलो निखारो?”

“लाल.”

“मग? ह्यां माझ्या भावान शोधून काढलेलां आसा. शास्त्र आसा ता.”

प्लंबर माझ्याकडे बघू लागला. वही आत कपाटात होती, ह्यांना न दाखवलेली.

“बरोबर आहे त्यांचं,” मी म्हटलं. “निळा म्हणजे गरम.”