दोन फूट बाहेर

सकाळची फेरी मारून आलेल्या यादवराव गांगुर्ड्यांनी फाटकाची कडी काढायला हात पुढे केला आणि तो हात तिथेच राहिला. कंपाऊंडच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, गेरूने एक गोल काढलेला होता. गोलात नऊचा आकडा. गोलातून निघालेला बाण भिंतीच्या एका भेगेकडे गेलेला, जणू फोडायला कुठून सुरुवात करायची तेही दाखवून ठेवलं होतं. आणि बाणाखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : २ फूट.

दुधाची पिशवी त्यांच्या हातातून सुटून खाली पडली.

सिंहस्थ जवळ आला होता आणि शहरभर रस्ते रुंद करण्याची कामं चालू होती. भिंतीवरच्या लाल आकड्याचा अर्थ इंदिरानगरात कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. आधी लाल आकडा येतो, मग टेप घेतलेली माणसं येतात, मग जेसीबी येतो.

पण यादवरावांना घाम फुटला तो त्या नेमक्या आकड्यामुळे. दीड नाही, अडीच नाही, दोन. त्यांची भिंत बरोबर दोन फूट रस्त्यात होती, आणि ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. ते स्वतः, भिंत बांधणारा पुंजा गवंडी आणि त्यांची बायको मैनाबाई. मैनाबाईंना जाऊन चौदा महिने झाले होते. पुंजा पोटातली गोष्ट ओठावर आणणारा नव्हता. मग महापालिकेला सांगितलं कुणी?

भिंत बांधली त्याला बावीस वर्षं झाली. यादवराव तेव्हा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि चैत्रातल्या यात्रेच्या जादा गाड्यांसाठी पंधरा दिवस वणीला होते. परत आले तर भिंत उभी. मैनाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच सांगितलं, "दोन फूट बाहेर घेतलीय. आत कट्ट्याला जागा हवी होती मला. आता कुठं बोलू नका." घर रस्त्याच्या वळणावर होतं, त्यामुळे भिंत आत की बाहेर हे नुसतं बघून कळत नसे.

त्याआधी यादवराव अर्ज करणारे म्हणून प्रसिद्ध होते. कुणाचं सांडपाणी, कुणाचा मंडप, कुणाची गिरणी, सगळ्यांवर त्यांचे अर्ज तयार असत. भिंत झाल्यावर त्यांनी पुन्हा कागदाला हात लावला नाही. विजेचा मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा ते दर महिन्याला चहा पाजत. सरकारी माणूस, त्याच्या नजरेला काय पडेल सांगता येत नाही.

"काका, तुमच्याकडे पण?" समोरचा संतोष शिरसाठ बनियनवरच धावत आला. द्वारका चौकात त्याचं टाइल्सचं दुकान होतं. "माझ्याकडे तीन लिहिलंय!"

"तुझा पोर्च किती बाहेर आहे?"

संतोषने इकडेतिकडे पाहिलं. "पाच," तो कुजबुजला. "म्हणजे दोन त्यांच्या नजरेतून सुटलेत. काका, आपण काही बोलायचं नाही. बोललो की परत मोजतील."

तेवढ्यात विमलाबाई पिठाच्या हातांनी आल्या. कोपऱ्यावर त्यांची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीने चालवली आणि तिच्यावर दोन मुलं शिकवली.

"पाच फूट! माझी गिरणी दीड फूट बाहेर हाय, दीड! वरचे साडेतीन कुणाचे माझ्या बोकांडी मारले? मी चालले आत्ता हापिसात."

"वहिनी, नको!"

"मावशी, पाया पडतो!"

"का बरं?"

"परत मोजणी लागेल," संतोष म्हणाला.

"लागू दे की. खरं काय ते निघंल."

"तेच तर नको!"

दुपारी दोन वाजता ही गल्ली झोपते. यादवराव बादली आणि काथ्या घेऊन बाहेर पडले आणि मान खाली घालून भिंत घासू लागले. थोड्या वेळाने समोरूनही घासण्याचा आवाज येऊ लागला. संतोष खास दुकानातून घरी आला होता. कोपऱ्यावर विमलाबाई ओलं पोतं घेऊन भिंतीला भिडल्या होत्या. तिघांपैकी कुणी कुणाकडे पाहिलं नाही. तीन वाजेपर्यंत गल्ली स्वच्छ झाली.

दुसऱ्या दिवशी यादवराव फिरून आले तर आकडे परत आलेले. या वेळी लाल ऑइलपेंटने. आणि आता लिहिलं होतं : २ फूट + ४ इंच.

"दंड," संतोष म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "पुसल्याचा दंड लावलाय. मला सात इंच."

"मला अकरा," विमलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कालच्यासारखा नव्हता. "मी लय जोर लावून घासलं होतं ना. भाऊजी, आता काही वेडंवाकडं केलं तर गिरणीच जायची माझी."

"आपण होऊन तोडलं तर सोडून देतात म्हणे," संतोष म्हणाला. "दुकानात एक गिऱ्हाईक सांगत होतं. मी शनिवारी पोर्च उतरवतो. तुम्ही पण बघा काका."

यादवरावांनी पुंजाला फोन करून शनिवारी यायला सांगितलं. मधले दिवस त्यांनी कसेबसे काढले. पलीकडच्या गल्लीत जेसीबी घरघरला की ते पडद्याआडून बघत. एकदा घंटागाडीच्या आवाजाने दचकून ते कचरा द्यायचाच विसरले. भिंतीचं त्यांना काही वाटत नव्हतं. भिंत आत घेता आली असती. पण मग कट्टा गेला असता.

कट्टा म्हणजे काही विशेष नव्हता. भिंतीला लागून बसवलेली कडप्प्याची एक फरशी. मैनाबाई दहाच्या उन्हात तिच्यावर बसून चिंचा फोडायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायच्या. बावीस वर्षं एकाच जागी दगड आपटून फरशीत रुपयाएवढा खळगा पडला होता. यादवराव तेव्हा ओरडायचे, "फरशी फुटेल." फरशी फुटली नव्हती. आता पुंजाची पहार लागली की फुटणार होती. जुना कडप्पा आहे, उचलताना दोन तुकडे होणारच.

शनिवारी ते फिरायला गेले नाहीत. आकडे लिहिणारे साहेब सकाळीच येऊन जातात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. साहेबांपुढे हात जोडायचे, असं त्यांनी ठरवलं. साडेसहाच्या आधीच ते भिंतीआड पाट टाकून बसले. थंडी होती म्हणून माकडटोपी आणि अंगावर पांढरी शाल. ओठांतल्या ओठांत ते पाठ करत होते, "साहेब, भिंत घ्या, दंड घ्या, पण फरशी तेवढी..."

भिंतीपलीकडे पावलं वाजली.

"आधी नवाचं बघ."

"तू बघ. मला भीती वाटते."

"कशाची?"

"मंगळवारचं विसरलीस? आपण लिहिलेलं सगळ्या भिंतींवरून आपोआप गेलं. माझी आजी म्हणते, पिंपळात मुंजा असतो."

"चार इंचांच्या पिंपळात?"

"लहान मुंजा असेल."

"गप रे स्वराज. टेप धर."

साहेबांचा आवाज इतका बारीक कसा, ते यादवरावांना कळेना. पण ही वेळ गेली तर पुन्हा यायची नव्हती. ते गुडघ्यांवर हात देऊन हळूहळू उभे राहिले. आधी भिंतीवर माकडटोपी दिसली, मग पांढरी शाल, मग जोडलेले दोन हात.

"साहेब..." ते खोल आवाजात म्हणाले.

पहिली किंकाळी स्वराजची होती. दुसरी कुणाची, ते यादवरावांना नंतरही नक्की सांगता आलं नाही, पण ती त्यांचीच असावी. शाळेच्या गणवेशातली दोन मुलं आणि एक मुलगी वाऱ्यासारखी वळणापलीकडे गेली. रस्त्यावर टेप, ब्रश आणि एक वही राहिली.

यादवरावांनी फाटकाबाहेर जाऊन वही उचलली. वर लिहिलं होतं : 'भिंतीत उगवणारी झाडे. आमचे संशोधन. वैष्णवी, इयत्ता सातवी आणि गट.'

आत लिहिलं होतं : 'नमुना ९. पिंपळ. जमिनीपासून उंची २ फूट. रोपाची लांबी ४ इंच. बी पक्ष्याच्या विष्ठेतून आले असावे. या घरातले आजोबा सकाळी नसतात म्हणून परवानगी विचारायची राहिली आहे.'

पुढच्या पानावर होतं : 'नमुना १४. गिरणीची भिंत. उंची ५ फूट, लांबी ११ इंच. सर्वांत मोठे रोप. पीठ उडते म्हणून पक्षी जास्त येतात, म्हणून रोपे जास्त? अजून पुरावा हवा.'

यादवरावांनी वाकून भिंतीकडे पाहिलं. बाणाच्या टोकाला, भेगेत, पिंपळाचं बोटभर रोप हलत होतं. दोन फूट म्हणजे जमिनीपासून दोन फूट. ते आत येऊन कट्ट्यावर बसले. त्यांना हसू येत होतं. तेवढ्यात समोरून घणाचा आवाज आला.

"संतोष! थांब!" ते ओरडले. पण संतोषचा पोर्च तोवर अर्धा खाली आला होता.

आठ वाजता पुंजा पहार घेऊन हजर झाला. "साहेब, फरशी काढायची ना?"

"नको. शाळेतल्या मुलांचा उद्योग निघाला."

"बरं झालं. उगंच फोडाफोड झाली असती."

"उगंच कशी? दोन फूट बाहेर आहे ना भिंत. आज ना उद्या तोडावी लागणारच."

पुंजाने डोकं खाजवलं. पहार भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "साहेब, आता बाई नायत म्हणून सांगतो. भिंत रेघेवर हाय. एक इंच नाय बाहेर."

"काय?"

"मी स्वतः दोरी लावली हुती."

"पण ती म्हणाली..."

"त्यांनीच तसं बोलायला लावलं. तुम्ही तवा लय अर्ज करायचा. गिरणीचा अर्ज लिहून पाकिटात घालून ठेवला हुता, आठवतं? वणीहून आल्यावर टाकणार हुता. बाई म्हणल्या, विमलाबाईचा नवरा आत्ताच गेलाय, पोरं लहान हायत, अर्ज गेला तर तिची चूल बंद पडंल. मला म्हणल्या, साहेबांनी विचारलं तर भिंत दोन फूट बाहेर हाय म्हणून सांग. मग ते सरकारी कागदाला हात लावायचे नाय." पुंजा थांबला. "आन् नाय लावला तुम्ही."

यादवराव फरशीकडे बघत राहिले. बावीस वर्षं. जनगणनेच्या बाईंना पाहून ते न्हाणीघरात लपले होते. मीटरवाल्याला किती चहा पाजले, त्याला गणती नव्हती. आणि प्रत्येक वेळी चहा करून देणारी बायको तोंडाला पदर लावून आत जायची. त्यांना वाटायचं, तीही घाबरलीय.

"एवढी वर्षं सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली हुती. आन् गल्ली सुखात हुती की."

नऊच्या सुमाराला विज्ञानाच्या मोहिनी मॅडम मुलांना घेऊन आल्या. आवाज ऐकून संतोष आणि विमलाबाईही आल्या. स्वराजने लांबूनच बोट दाखवलं. "मॅडम, हाच तो मुंजा!"

"मुंजा लग्नाआधी गेलेला असतो बाळा," यादवराव म्हणाले. "माझं लग्न झालं होतं. छत्तीस वर्षं."

मॅडम माफी मागत होत्या. सकाळच्या शाळेच्या वाटेवर निरीक्षण करायला आपणच सांगितलं, पण परवानगी घेऊनच लिहायचं असंही बजावलं होतं, असं त्या म्हणाल्या. वैष्णवी खाली मान घालून म्हणाली, "संध्याकाळी पाहिलं तर गेरू पुसला गेला होता, म्हणून आम्ही घरून पेंट आणला. मुंजाला पुसता येऊ नये म्हणून."

"अहो मॅडम, या गेरूपायी माझा पोर्च गेला!" संतोष म्हणाला.

"म्हणजे? तो रस्त्यात होता का?"

संतोष एकदम त्या पिंपळाच्या रोपाकडे निरखून पाहू लागला.

विमलाबाईंना आपल्या पिठामुळे झाडं उगवतात याचं फार कौतुक वाटलं. त्या हसत होत्या. पण संतोषचं पोर्चचं दुखणं गेलं नव्हतं. "तुमचंच बरं काका. तुम्ही काहीच तोडलं नाही. खरं सांगा, तुमचं काही बाहेर आहे का, की या गल्लीत तुम्ही एकटेच कायद्यात?"

सगळे यादवरावांकडे बघू लागले. विमलाबाईंचं हसू थांबलं. त्यांची नजर एकदा गिरणीकडे गेली आणि परत यादवरावांवर आली. जुने अर्ज त्याही विसरल्या नव्हत्या. पुंजा पहारीचं टोक तपासू लागला.

यादवरावांचं बोट फरशीतल्या खळग्यावरून फिरत होतं.

"दोन फूट," ते म्हणाले. "दोन फूट बाहेर आहे. पण कुठं बोलू नका."

विमलाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. वैष्णवीने मात्र परत मिळालेली वही उघडली आणि टेप सरसावली.

"आजोबा, मोजून बघू? म्हणजे पुरावा मिळेल."

"नको!" यादवराव ओरडले. बावीस वर्षांच्या सवयीने ते इतक्या घाबऱ्या आवाजात ओरडले, की गल्लीत कुणालाच वेगळा पुरावा लागला नाही.