लाल चाक

आपल्याच घरच्या संडासासाठी आपणच रांगेत उभं राहायचं, आणि तेही चौथ्या नंबरला, अशी पाळी त्या दिवशी सकाळी प्लंबरकाकांवर आली. पुढे भाजी विभागातली बाई होती, तिच्या पुढे गोदामातला धिप्पाड माणूस होता, आणि आत कोण होतं ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं; पण जे कोण होतं ते बराच वेळ होतं.

"काका, तुम्ही जा ना पुढे. घर तुमचं आहे," भाजीवाली म्हणाली.

"छे छे, तुम्ही पाहुणे," काका म्हणाले आणि लगेच पस्तावले.

रांगेतली सगळी मंडळी समोरच्या सुपरमार्केटातली होती आणि संपावर होती. संपाचं कारणही योगायोगाने हेच होतं. त्या सुपरमार्केटात कुणालाही लघवीला जायचं झालं तर मॅनेजरच्या केबिनबाहेर खिळ्याला टांगलेला लाल बिल्ला गळ्यात घालून जावं लागे. बिल्ला एकच. तो जागेवर नसला की थांबायचं. असला तरी आधी मॅनेजरला विचारायचं, आणि मॅनेजर घड्याळाकडे बघत दरवेळी एकच प्रश्न करायचा, "किती वेळ लागेल?" या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यावं हे आजवर कुणाला सुचलेलं नव्हतं.

काकांची सून तिथे कॅशियर होती. एकदा गिऱ्हाइकांची गर्दी फार, म्हणून मॅनेजरने तिला बिल्ला दिलाच नाही. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि थेट बाथरूममध्ये कपडे धूत बसली. काकू दाराबाहेर उभ्या राहिल्या, काका काकूंच्या मागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सुनेने आपला काउंटर बंद केला. तिच्या पाठोपाठ सगळे काउंटर बंद झाले.

काकांना सुनेचा अभिमान वाटला. तो कुठे दाखवावा याची संधी ते शोधत होते, ती मॅनेजरनेच दिली. संपाच्या पहिल्याच दिवशी सुपरमार्केटातला संडास तुंबला आणि मॅनेजरचा फोन आला. काका फोनवर म्हणाले, "संप मिटल्याशिवाय तुमच्या पाइपाला मी हात लावणार नाही." मग त्यांनी ओळखीच्या सगळ्या प्लंबरांना फोन करून हेच वाक्य पाठ करायला सांगितलं.

गल्लीही मागे राहिली नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शाळेतल्या बाईंनी घरोघर जाऊन सांगितलं, की संपावरच्या लोकांना काहीतरी गरम पाठवा. गरम म्हणजे चहा, हे ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवलं. घराघरातून थर्मास निघाले. आपला चहा नाकारला तर माणूस दुखावेल, म्हणून गेटवरचे लोक सगळ्यांचा चहा प्यायले. त्यानंतर जे व्हायचं ते झालं.

आत सुपरमार्केटात जायचं नाही, हे ठरलेलंच होतं. मग ज्यांनी चहा पाठवला त्यांची दारं वाजवली, तर कुणाकडे पाहुणे होते, कुणाकडे पाणी नव्हतं, कुणाच्या सासूबाई नेमक्या आत्ताच आंघोळीला गेल्या होत्या. चहा द्यायला मन मोठं असलं की पुरतं, पण संडास द्यायचा म्हणजे मनाबरोबर फरशीही पुसावी लागते. शेवटी सुनेने खालून काकांकडे पाहिलं. काका खिडकीतून म्हणाले, "आपलं घर आहे ना. पाठव सगळ्यांना."

पाठवलं तिने. आणि मग काकांच्या लक्षात आलं, की अख्ख्या वस्तीचे फ्लश दुरुस्त करणाऱ्या आपल्या घरचा फ्लश मात्र आपण वर्षभर 'करू उद्या' म्हणत सोडून दिला आहे. टाकी भरायला इतका वेळ लागे, की तेवढ्यात दोन माणसांची नवी भर पडे.

"अहो," खिडकीशी उभ्या काकू म्हणाल्या, "गेटवर थोडेच उरलेत. बाकी सगळे आपल्या जिन्यात आहेत."

काका खिडकीशी धावले. माल घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं: गेटवर तुमची माणसं असतील तर मी आत शिरणार नाही, पण गेट रिकामं दिसलं तर माझाही नाइलाज आहे. दुकानातले रॅक ओस पडले होते. ट्रक आत गेला की रॅक भरणार, रॅक भरले की मॅनेजर बोलणी कशाला करेल? ट्रक आज सकाळीच यायचा होता. सुनेचा संप आपल्या संडासाच्या रांगेत बुडतोय, हे काकांना स्पष्ट दिसलं.

त्यांनी अवजारांची पेटी उघडली. जुन्या व्हॉल्व्हचं एक लाल चाक हाताला लागलं. त्याला सुतळी बांधली, दाराशी स्टूल टाकून बसले आणि जाहीर केलं, "एका वेळी एकच जण वर येईल. ज्याच्या गळ्यात चाक, त्याचाच नंबर. तो खाली जाऊन चाक दुसऱ्याला देईल. बाकीच्यांनी गेट सोडायचं नाही."

"तुमचं डोकं चालतं हो," काकू म्हणाल्या. असं त्या क्वचितच म्हणत, त्यामुळे काका आणखीच फुलले.

आणि खरंच, जिना रिकामा झाला. गेट भरलं. चाक गळ्यात घालून एकेक जण निमूट वर यायचा आणि निमूट खाली जायचा. ही माणसं इतकी निमूट का झाली, हा विचार काकांच्या मनाला शिवला नाही. आपला नंबर आपण विसरलोय हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. गोदामातला धिप्पाड माणूस दुसऱ्यांदा आला, तेव्हा काकांनी सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "किती वेळ लागेल?"

सून नेमकी त्याच वेळी दारात उभी होती.

"बाबा, हे काय आहे?"

"व्हॉल्व्हचं चाक आहे."

"ते दिसतंय मला. त्याच्या गळ्यात का आहे?"

काकांनी चाकाकडे पाहिलं. सुतळीकडे पाहिलं. लाल रंगाकडे पाहिलं. मग ते स्टुलावरून उठले.

"बाळ, अगं, ट्रक येणार म्हणून... शिस्त असावी म्हणून..."

"मॅनेजरही हेच म्हणायचा," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच काकांना जास्त लागलं. "शिस्त असावी म्हणून. त्या दिवशी मी घरी कशी आले ते तुम्ही पाहिलंत ना?"

काकांनी पाहिलं होतं. त्यांना मान वर करवेना. सुनेने धिप्पाड माणसाच्या गळ्यातून चाक काढलं आणि संडासाच्या दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलं. पण बातमी गेटपर्यंत पोहोचली होती. "काकांच्या घरी बिल्ला लागलाय," एवढं ऐकून बाकीचे तडक वर आले. कुणी काकांच्या बाजूने, कुणी सुनेच्या बाजूने, आणि काकू दोन्हीकडून बोलू लागल्या. संडासापुढचा बोळ ठासून भरला.

या गोंधळात संडास मोकळा आहे हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. फक्त एका माणसाच्या राहिलं. तो जिन्यावरून आला, "जरा सरका, जरा सरका," करत आत शिरला आणि त्याने कडी लावली.

"अहो," काकू एकदम खिडकीशी गेल्या. "ट्रक आलाय."

सगळे खिडकीकडे वळले. गेटवर चिटपाखरू नव्हतं. ट्रकचं तोंड गेटच्या आत होतं. सुनेने भिंतीला हात टेकला आणि एकदा काकांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर काकांना बरं वाटलं असतं.

"पण ट्रकमध्ये कुणी नाहीये," भाजीवाली म्हणाली. "दार उघडंच आहे."

एवढ्यात धापा टाकत मॅनेजर वर आला. "तो ड्रायव्हर इकडे आलाय का? तिथे ट्रक अडकून पडलाय."

आत पाणी ओतल्याचा आवाज झाला, कडी निघाली, आणि ड्रायव्हर हात पुसत बाहेर आला. "काका, तुमचा फ्लश दुरुस्त करून घ्या कुणाकडून तरी," तो म्हणाला. मग त्याने बोळातली गर्दी पाहिली.

"चला, माल उतरवा," मॅनेजर म्हणाला. "गेट रिकामं आहे."

"ही मंडळी कोण मग?"

"आम्ही संपावरचे," सून म्हणाली.

"ते गेटवर नाहीत ना पण," मॅनेजर म्हणाला.

ड्रायव्हरने जिन्याकडे जायचा प्रयत्न केला. धिप्पाड माणूस दारातच उभा होता आणि हलायचं त्याच्या मनात दिसत नव्हतं. ड्रायव्हर मागे सरला. "साहेब, यांच्यातून वाट काढून माल उतरवणार नाही असं मी बोललोय. गेट खाली असो नाहीतर वर. माणसं हीच आहेत." असं म्हणून तो काकांच्या स्टुलावर बसला. काकूंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. शेजाऱ्यांचे थर्मास अजून संपलेले नव्हते.

आता मॅनेजरने जायला हवं होतं. पण तो जाईना. तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता, आणि पुन्हा पहिल्या पायावर. काकांचा सगळा जन्म पाइपांत गेलेला. त्यांना ताबडतोब कळलं. सुपरमार्केटातला संडास संपाच्या पहिल्या दिवसापासून बंद होता.

मॅनेजरने संडासाच्या दाराकडे पाहिलं. मग शेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप वर गेला. त्याने लाल चाक काढलं, गळ्यात घातलं आणि खाली बघत सुनेला विचारलं, "जाऊ का?"

सुनेने सावकाश भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"किती वेळ लागेल?"

मॅनेजरने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याचे कान लाल झाले. आपण रोज काय विचारत होतो हे त्याला बहुधा पहिल्यांदाच ऐकू आलं.

सुनेने त्याला जास्त ताटकळत ठेवलं नाही. तिने त्याच्या गळ्यातून चाक काढून घेतलं. "जा," ती म्हणाली. "यासाठी कुणाला विचारावं लागू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे."

तो बाहेर आला तेव्हा त्याने तोंडावर पाणी मारलेलं होतं. कुणाच्याही नजरेला नजर न देता तो म्हणाला, "तो बिल्ला आजच काढून टाकतो. बाकीचं... दुपारी बसून बोलू." आणि तो जिना उतरून गेला.

कुणी जल्लोष केला नाही. भाजीवाली मात्र मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. सुनेने चाक काकांच्या हातात दिलं. "बाबा, हे पेटीत टाका. आणि फ्लश आजच्या आज दुरुस्त करा."

"करतो," काका म्हणाले. "चुकलंच माझं."

"आमच्यासाठी दार तर तुम्हीच उघडलंत ना," ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्याला हात लावून खाली गेटवर गेली.

चाक पेटीत गेलं आणि तेव्हा कुठे काकांना आठवलं, की सकाळपासून आपला नंबर आलेलाच नाही. ते घाईने आत शिरले, कडी लावली आणि डोळे मिटून घेतले. बाहेर ड्रायव्हरचा तिसरा कप संपला होता. सकाळी काकांनीही तोच प्रश्न विचारला होता, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने दारावर हळूच टकटक केली.

"काका, किती वेळ लागेल?"

काकांनी आतून नळ पूर्ण सोडला आणि उत्तर दिलं नाही.