खडीतलं चौथं स्थान

मौन पाळण्यात आमच्या गावात माझा हात धरणारं कोणी नाही. बढाई मारू नये हेही माझ्या नेमात आहे, म्हणून एवढंच सांगून थांबते. रोजची जपमाळ, शुक्रवारचा उपास आणि गुड फ्रायडेला बारा ते तीन तोंडातून अवाक्षर नाही. एकदा त्याच वेळात मधमाशी चावली, तरी मी फक्त डोळे मोठे केले होते.

त्या वर्षी चर्चमागे, गाड्या लावायच्या पटांगणात, एका टिटवीनं खडीतच चार अंडी घातली. घरटं नाही, काडी नाही. खड्यांत खडे मिसळावेत तशी अंडी. फादर रोमन म्हणाले, "बर्नडीन, ही तुझ्या पदरात घातली. एकही फुटता कामा नये." मी भोवती रस्त्यावरचे नारिंगी शंकू उभे केले आणि रोजची जपमाळ तिथेच, जरा लांब बसून म्हणू लागले. टिटवीही हलायची नाही, मीही.

गुड फ्रायडेला बाराचे ठोके पडले, माझं तोंड मिटलं, आणि मग दिसलं की शंकू जागेवर नाहीत. गावातल्या अर्विननं ते मिरवणुकीसाठी गाड्या अडवायला रस्त्यावर नेले होते. तोच अर्विन आता खांद्यावर लाकडी क्रूस आणि मागे अख्खं गाव घेऊन, क्रूसाच्या वाटेवरच्या चौदा प्रार्थना-थांब्यांतलं तिसरं स्थान आटोपून, सरळ अंड्यांकडे येत होता.

मी धावत आडवी गेले, दोन्ही हात हलवले.

"उपासानं भोवळ आली हिला," माझी शेजारीण लिओना म्हणाली. "काल नुसत्या पाण्यावर होती."

मी मान हलवली. चार बोटं दाखवली, मग खाली बोट दाखवलं.

"चौथं स्थान इथंच घ्या म्हणतेय," अर्विन धापा टाकत म्हणाला. "देव तिचं भलं करो. खांदा गेला माझा."

आणि तो क्रूस टेकवायला वाकला. नेमका तिथंच.

मी धाडकन हातापायांवर आले आणि अंड्यांवर मांडवासारखी ओणवी झाले. माझं बघून सगळं गाव खडीत गुडघ्यांवर! मागे कोणीतरी हुंदका दिला.

इतक्यात टिटवी किंचाळत लिओनाच्या पायांशी पंख फरफटवत लोळू लागली. शत्रूला अंड्यांपासून लांब न्यायचं हे टिटवीचं नेहमीचं नाटक. लिओनाला काय ठाऊक? "अगं बाई, पंख मोडला गं तुझा," म्हणत ती शाल पसरून पार दफनभूमीच्या फाटकापर्यंत तिच्यामागे गेली. तिथून टिटवी झकास उडाली. लिओना परतली ती रडतच.

"बर्नडीननं गुडघे टेकले आणि मोडका पंख बरा झाला. या डोळ्यांनी पाहिलं मी."

फादर माझ्याशेजारी वाकले. माझ्या हनुवटीखाली त्यांना अंडी दिसली. ते सरळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "सगळे मागे सरा. या जागेचा मान ठेवा."

चौथं स्थान म्हणजे क्रूस वाहणाऱ्या लेकाला वाटेत आई भेटते ते. फादर वाचत होते, सगळ्यांच्या माना खाली होत्या. मी गुडघ्यांवरच मागे मागे सरकले. टिटवी बारीक पावलांनी आली, चोचीनं एकेक अंडं सारखं केलं आणि पोट टेकून बसली. फादरांनी तिच्याकडे बघत आईची ओळ पुन्हा एकदा वाचली.

पिल्लं चारही निघाली, काड्यांवर कापूस ठेवावा तशी. फादर रोमन पुढे बदलून गेले. पण आमचं चौथं स्थान अजून त्याच कोपऱ्यात, खडीत गुडघे सोलून होतं. नवे फादर दर गुड फ्रायडेला गुडघा चोळत कळवळून विचारतात, "पण इथंच का हो?" सगळे आदरानं माझ्याकडे बघतात. मला सगळं खरं खरं सांगायचं असतं.

पण तेव्हा नेमके साडेबारा वाजलेले असतात.