सगुणा ओढबोटीच्या आरमारी चाकरीची हकीकत

श्रीसमुद्र प्रसन्न. शके १८६५ सुभानुनाम संवत्सरे, पौषमासीं राज्यावर युद्धप्रसंग पडला आणि आरमारास गलबतें पुरेनात, मग हुकूम सुटला कीं बंदरांत मोठीं जहाजें ओढणारी 'सगुणा' ओढबोट आरमारांत घ्यावी. मग तीस करडा रंग दिधला, नाकावर तोफ बैसविली आणि काशाजी तांडेल यांचे मस्तकीं फौजी टोपी ठेविली. टोपी कानांवर उतरली, परंतु तांडेल ताठ उभे राहिले. बोट त्यांनीं वीस वर्षें चालविली, घरच्या चुलीहून तिच्या भट्टीची काळजी अधिक केली. मग तोफ चाचणीस उडविली तों बोटच मागें सरकली आणि गोळा कोळ्यांच्या जाळ्यांत पडला. आरमाराचे सरखेल संतापून बोलिले, "ही लढाऊ नव्हे. अमावास्येपर्यंत पराक्रम न दिसेल तर मोडून लोखंड वितळवावें." तांडेल मुजरा करून निघाले.

मग वद्य चतुर्दशीस सकाळीं दाट धुकें पडलें आणि धुक्यांत भोंगा तीन वेळां वाजला. तीन भोंगे म्हणजे 'ओढावयास या', ही बंदराबंदरांची रीत; ते ऐकिले कीं ओढबोटवाल्याचे हात आपोआप दोराकडे जातात. तांडेल तत्काळ गेले, धुक्यांतल्या जहाजावर दोर फेंकिला, वरच्यांनीं बांधिला आणि ओढ सुरू जाहली. मग धुकें किंचित् विरळ जाहलें तों इंजिनवाले दाऊद कानाशीं येऊन पुटपुटले, "तांडेल, ह्यो बावटा दुश्मनाचा हाय! वाट चुकलेत, आपल्याला त्यांचीच बोट समजलेत. दोर तोडू?" मागें चाळीस तोफा, येथें अकरा असामी. आपला बावटा मात्र दंवानें भिजून काठीस चिकटला होता, ही ईश्वरी कृपा. मग तांडेल बोलिले, "तोडलास तं वळकतील नि उडवतील. गप ऱ्हा. फुडं आपण हाव, कुठं न्यायचं तं आपणच ठरवनार." मग मोठ्या अदबीनें जहाज आपल्या किल्ल्याखालच्या गाळावर नेलें आणि ओहोटी लागतांच दोर सोडिला. पाणी उतरलें, जहाज कलंडलें, अर्ध्या तोफा आभाळाकडे आणि अर्ध्या चिखलाकडे जाहल्या, आणि धुकें उडालें तों समोर किल्ल्याच्या साऱ्या तोफा. शत्रूनें पांढरें निशाण चढविलें.

सरखेल धांवत आले. "एक गोळा न उडवितां युद्ध कैसें केलें?"

"युद्ध नाय केलं, साहेब. त्यांनी बोलावलं, आमी गेलो."

सरखेल पोट धरून हसले, मग मोडण्याचा हुकूम तेथेंच फाडिला. तेव्हां तांडेलांनीं तापल्या धुराड्यास मिठी घालून सर्वांदेखत रडून घेतलें.

येणेंप्रमाणें बोट वांचली, अकरा असामी घरीं पोंचले, जहाज दौलतीस मिळालें. तांडेलांचे हात पोळले होते, तें त्यांस जेवावयास बसल्यावर कळलें. हकीकत संपूर्ण.