फणा काढलेली घसरगुंडी

नक्षीकामात सबंध परतूर तालुक्यात माझा हात धरणारा माणूस नाही, हे मी स्वतःच सांगतो. कारण दुसरं कोणी सांगत नाही! तहसील कचेरीत कोणाची बदली झाली की मानपत्राचा मजकूर कोणीही लिहो, कडेची वेलबुट्टी मुकुंदरावांची, म्हणजे माझी! एकदा तर वेल इतकी फोफावली, की मजकुराला जागाच उरली नाही. बदलून जाणारे साहेब म्हणाले, "हे जास्त बरं झालं!"

तर सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात माझी पाच वर्षांची तारा जालन्याला मामाकडे राहून आली. आल्या आल्या माझ्या धोतराचा सोगा धरून म्हणाली, "नाना, मामाच्या अंगणात घसरगुंडी हाय. मला पन पाहिजे."

"कशी आहे गं मामाची?"

"पत्र्याची."

पत्र्याची! मला हसूच आलं. आमचा मेहुणा भालचंद्र बांधकाम खात्यात. त्याला नक्षीचं काय कळणार? शिडीला पत्रा ठोकला की झाली घसरगुंडी! मी ताराला उचलून घेतलं आणि शब्द दिला, "नागपंचमीला आपल्या परसात घसरगुंडी उभी राहील. जालन्याचे लोक आगगाडी करून बघायला येतील. आणि पहिल्यांदा घसरणार तू!"

त्या रात्री चार कागद संपवले आणि सकाळी नकाशा तयार. मागून पायऱ्या. पुढे काळ्या कोब्याचा, घोटून गुळगुळीत केलेला नागाचा देह, डौलदार वळण घेत खाली उतरलेला. दोन्ही कठड्यांवर खवले. आणि वर, बसणाऱ्या पोराच्या डोक्यावर छत्रीसारखा पसरलेला पाच हात उंच फणा!

प्रेमला, म्हणजे आमचं कुटुंब, कागद बघून म्हणाली, "अहो, लेकराला खेळायचंय. साधी केली तर न्हाई का चालणार?"

"साधी! माझ्या घरात?"

"पन मी काय म्हणते, तारा..."

"मधे बोलू नकोस, खवले चुकतात!"

पुंजाराम गवंडी म्हणजे कसबी माणूस. आजूबाजूच्या गावांतल्या महादेवाच्या देवळांतले निम्मे नाग त्याच्या हातचे. पंधरा दिवस तो थापी घेऊन राबला आणि मी कचेरीतून आलो की त्याच्या पाठीशी उभा राहून प्रत्येक खवल्याला नावं ठेवत होतो. काम उरकलं ते नेमकं पंचमीच्या आदल्या दिवशी. फक्त डोळे राहिले होते.

पुंजाराम हात धुऊन म्हणाला, "मालक, नारळ लागंल. हळदकुंकू, उदबत्ती बी."

"कशाला रे?"

"डोळे द्यायचे न्हवं? बिननारळाचे डोळे म्या आजवर कोन्या नागाला दिले न्हाईत. हात चालत न्हाई."

मी म्हटलं, बरंच की! शुभशकुन! प्रेमलानं तबक आणलं. पुंजारामनं डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, दोन लाल काचा बसवल्या, कुंकू लावलं आणि खाडकन नारळ फोडला. मी खोबरं खात आपल्याच कलाकृतीकडे बघत राहिलो. तारा लांब ओसरीवरून बघत होती. कौतुकानं पोरीच्या तोंडून शब्द फुटत नाही, असं मला वाटलं.

तेवढ्यात दुधाची चरवी घेऊन आसराबाई आली. धनगरवाड्यातली ही म्हातारी रोज आमच्याकडे दूध घाली. तिनं परसात पाऊल टाकलं आणि तिथंच पायातल्या वहाणा काढल्या.

"आगं बया! नागोबा कधी बसवला म्हनायचा?"

"आसराबाई, ही घसरगुंडी आहे. पोरांनी वरून घसरायचं."

"डोळे हायेत का न्हाई?"

"आहेत."

"कुंकू लावलं का न्हाई?"

"लावलं."

"नारळ फुटला का न्हाई?"

माझ्या तोंडात खोबरं होतं! इतक्या थोड्या प्रश्नांत निकाली निघालेला अर्ज मी कचेरीत कधी पाहिला नाही. आसराबाईनं चरवीतलं निम्मं दूध नागोबाला वाहिलं, उरलेलं आम्हाला दिलं आणि पदर खोचून गावात गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच परसाचं दार वाजलं. ओढ्याकाठच्या वारुळापाशी गुडघाभर चिखल झालेला, आणि इथं कोब्याचा कोरडा, ऐसपैस नागोबा! सगळं परतूर लोटलं. आष्टी गावाच्या एक-दोन बैलगाड्याही दाराशी सुटल्या. लाह्या, दूध, फुलं, गाणी! पोरींनी फेर धरला. प्रेमला दिसेल त्या बाईला हळदकुंकू लावत सुटली होती. जालन्याहून भालचंद्र आला, तर एका आजीबाईनं त्याच्या हातात नारळ दिला आणि रांगेत उभा केला.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आज ताराची पहिली घसरण! बापाचा शब्द! गल्लीतल्या एका पोट्ट्यानं पायरीवर पाय ठेवला मात्र, त्याच्या पाठीत एका बाईचा धपाटा बसला. "देवाच्या पाठीवर पाय देतो व्हय रं मुडद्या!"

आता बोलणं भागच होतं. मी पायऱ्या चढून फण्याखाली उभा राहिलो आणि ओरडलो, "बायांनो! ऐका! हा देव नाही! ही घसरगुंडी आहे! मुलांनी इथं बसायचं आणि..."

आणि मी बसलो! बसायचा माझा विचार नव्हता. पण सकाळपासून वाहिलेलं दूध त्या घोटलेल्या कोब्यावर पसरलं होतं. पाय सटकले, डोळ्यांपुढे आकाश फिरलं आणि मी लाह्या उधळत सुसाट खाली निघालो. वाटेत काहीतरी टर्रकन वाजलं. मी खाली आसराबाईच्या पायाशी पोचलो, पण सणासाठी नेसलेलं कोरं धोतर वरच राहिलं! कठड्याच्या खवल्यांनी, ज्या खवल्यांसाठी मी पुंजारामचं डोकं खाल्लं होतं त्या खवल्यांनी, त्याचा सोगा पक्का धरून ठेवला होता!

दोनशे बायांनी एकाच वेळी तोंडं फिरवली. भालचंद्रानं मात्र फिरवलं नाही. मी जवळचं लाह्यांचं सूप पुढे धरलं.

आसराबाईनं शांतपणे धोतर सोडवलं. मला वाटलं, देते. तिनं त्याची नीट घडी घातली आणि नागोबाला वाहिली.

"देवानं वस्त्र ठिवून घेतलं," ती म्हणाली. "आन मानसाला बिलकुल इजा न्हाई केली. म्हंजी त्याला अंगावर लेकरं चालतेत. जा रं पोरांनो, खेळा!"

एकच गिल्ला झाला! गल्लीतली पोरं मुंग्यांसारखी पायऱ्यांवर चढली. मी सूप सांभाळत ओरडलो, "थांबा! पहिला मान ताराचा! तारा! ये बेटा!"

तारा आईच्या पदराआड लपली होती. तिनं आणखी घट्ट पदर धरला.

"मला त्याच्यावर न्हाई बसायचं."

"का गं?"

"तो साप हाय. मला लई भ्या वाटतंय."

प्रेमला हळूच म्हणाली, "नकाशा दाखवला त्याच दिवशी घाबरली होती. मी तेच सांगत होते. दोनदा सांगायला आले, तर तुमचे खवले चालले होते."

खरं सांगतो, धोतर गेलं त्याचं मला इतकं वाटलं नव्हतं. तिथल्या तिथं विरघळून जावं असं वाटलं ते त्या क्षणी. इतके दिवस मी पोरीसाठी राबलो, आणि पोरीला एकदाही काही विचारलं नाही! मी खाली बसलो, सूप जपून, आणि म्हटलं, "मग बेटा, तुला कुठं घसरायचंय?"

तिनं बोट दाखवलं. कुंपणापाशी पुंजारामनं आणलेल्या वाळूचा उरलेला ढीग होता. "तिथं मी रोज घसरते की, नाना. तुमचं ध्यानच न्हवतं." आणि धावत जाऊन ती ढिगावर चढली, बूड टेकून सर्रकन खाली आली आणि खदखदून हसली. जालन्याहून आल्यापासून पहिल्यांदाच तिला इतकं हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम गाडी घेऊन वाळू न्यायला आला. मी म्हटलं, "ती राहू दे. ताराची आहे."

पुंजारामनं टोपी सरकवून ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, "मालक, याच्यावर बी काई नक्षी काढायची का?"

मी ठणकावून 'नाही' म्हटलं. पण तुमच्यापासून काय लपवू? कानावरची पेन्सिल हातात आली होती!