तिसऱ्या रांगेतल्या इंदूमावशी

टॉकीज खच्चून भरलेलं, पडद्यावर नायिका कंबर हलवतेय, शिट्ट्यांनी कानठळ्या बसताहेत, आणि तेवढ्यात खालच्या तिसऱ्या रांगेतून एका बाईचा खणखणीत आवाज येतो, "अरे मेल्या, पाठ दाखव की तिची!"

शिट्ट्या बंद. पुढच्या रांगांतली सगळी टाळकी वळून मागे बघतात, तर गळ्यात टेप, नाकावर चष्मा, मांडीवर जुन्या कॅलेंडरचं पान आणि हातात पेन्सिल घेऊन चाळिशीची एक बाई बसलेली. त्यातल्या एका आगाऊ पोराने विचारलं, "मावशी, तुम्हीपण?" त्यावर बाई म्हणाल्या, "मग? हूक मागं हायेत का पुढं, ते नको बघायला? सोमवारी चार जणी त्येच शिवून मागायला येतील. हा कॅमेरावाला नको तिथं फिरतोय, पण हुकाकडं काय येत नाय."

हा प्रसंग मी स्वतः पाहिलेला नाही. त्या टॉकीजच्या डोअरकीपरने तो आख्ख्या पंचवटीला इतक्या वेळा ऐकवला की आता मलाही तो पाहिल्यासारखा वाटतो. पण इंदूमावशींना मी पुष्कळ वर्षं अगदी जवळून पाहिलंय, आणि त्या असं ओरडल्या असणार याबद्दल मला काडीची शंका नाही. त्यांचं माहेर विंचूरचं. लहानपण कांद्याच्या लिलावाच्या कोलाहलात गेलेलं, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता.

आमच्या घरासमोर तळमजल्याच्या खोलीत त्यांचं ‘इंदू लेडीज टेलर’ होतं. खोलीच्या पुढच्या भागात दुकान, पडद्यामागे संसार. संसार म्हणजे एक स्टोव्ह, एक कॉट आणि त्या स्वतः. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला होता. गेला म्हणजे वारला नाही, निघून गेला. शुक्रवारी बारा ते तीन दुकान बंद असायचं. नवीन सिनेमाचा पहिला शो मावशी कधी चुकवत नसत, आणि तोही खालचं तिकीट काढून. बाकीच्या बायका बसतात तसं बाल्कनीत का बसत नाही, असं माझ्या आईने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वरून शिवण दिसत नाय."

आता तुम्हाला वाटेल, बाई धंद्यापुरतं बघत असेल. छे हो. तीन वाजता दुकान उघडलं की मावशींचं परीक्षण सुरू व्हायचं आणि ते ऐकायला आम्ही बायका-पोरी काहीतरी उसवून घेऊन जायचो. मशीन चालवता चालवता त्या नायिकेची कड घेऊन भांडायच्या. बर्फात गाणं असलं की त्यांचा पारा चढे. "त्या बाप्याला कोट, मफलर, हातमोजे. आणि हिला वीतभर जॉर्जेट. थंडी काय गड्यालाच वाजती का? घालणारीला विचारलं का कुणी?"

हे ‘घालणारीला विचारलं का’ त्यांच्या जिभेवरच असायचं. लग्नाच्या फोटोत नवरी मान वाकडी करून तासभर बसवलेली दिसली, विचारलं का. शेजारच्या सुनेला माहेरचं नाव बदलून नवीन नाव दिलं, विचारलं का. अहो, एकदा गणपतीच्या मूर्तीला आमच्या मंडळाने मखमली सोवळं नेसवलं, तेव्हाही मावशींनी अध्यक्षांना गाठून हेच विचारलं होतं.

सिनेमातल्या वाईट बाईवर मात्र त्यांचा फार जीव. त्या काळी दर सिनेमात एक चांगली असे आणि एक वाईट असे. मावशींचं म्हणणं, दोघींची चोळी एकाच मापाची असते, कापडसुद्धा एकाच गठ्ठ्यातलं असतं, फक्त हिची पांढरी आणि तिची काळी. मग फरक काय? तर वाईट बाई गड्याकडे स्वतःहून बघते. चांगली बघत नाही, तिच्याकडे बघितलं जातं. "जी बघती ती शेवटाला गोळी खाती," मावशी म्हणत, "आणि शिलाई म्हणशील तर नेहमी तिचीच चांगली."

त्यांच्या दुकानात ट्रायल हा एक सोहळा होता. ब्लाउज घालून पडद्याबाहेर यायचं, फळीवरचा डबा हात उंच करून काढायचा, पाटावर बसायचं, उठायचं, मग एक खोटी शिंक द्यायची आणि शेवटी मोठ्याने हसायचं. हसताना कुठे ओढलं की ब्लाउज परत उसवायचा. सिनेमातला ब्लाउज फक्त उभं राहायला शिवलेला असतो, बाईला त्यात श्वास घेता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कॉलेज रोडची एक श्रीमंत नवरी अमक्या सिनेमातल्यासारखाच पाहिजे म्हणून हटून बसली. मावशींनी हुबेहूब तसा शिवला, पण काखेत न दिसेल असा तिकोनी तुकडा घातला आणि शिलाईत आत दुमडून जादा कापडाची भरपूर माया ठेवली. ती मुलगी आपल्या लग्नात पोटभर जेवली, हे मावशी कौतुकाने सांगत.

एवढं सगळं ऐकून मीही हसायचे. पण हसू यायला आधी छाती मोकळी लागते, आणि तिथेच माझं अडलेलं होतं.

स्पष्टच सांगते. देवाने मला अंगाने जरा सढळ हाताने घडवलं होतं. सतराव्या वर्षापासून मी पोक काढून चालत होते. छातीशी फाइल, ओढणी दोन्ही खांद्यांना पिन लावून, आणि आईने निवडलेले कुडते असे की आत दुसरी मुलगी मावली असती. मी एस. वाय.ला असताना एक गाणं आलं, पिवळ्या चोळीचं. त्या वर्षी ते पानाच्या टपरीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे वाजत होतं. निमाणीच्या बसस्टॉपवर चार-पाच पोरं रोज मला बघून ते म्हणायची. मी मान खाली घालून बसमध्ये चढायचे. एक दिवस ती गात असताना रांगेतली एक बाई मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "ओढणी नीट घे ना जरा." सगळा स्टॉप हसला.

पोरांचं मी सहन केलं होतं. त्या बाईचं नाही झालं. मी घरी परत आले आणि कॉलेजला जायचं बंद केलं. पोट दुखतंय, डोकं दुखतंय करत दहा-बारा दिवस काढले. मग वडील म्हणाले, नको तर नको, उगाच बळजबरी कशाला, आपण स्थळं बघायला लागू. ते चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते प्रेमाने म्हणाले. मला शिकायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं, आणि घरातल्या घरात ते सगळं गुंडाळलं जात होतं. त्याचं कारण मी कुणाला तोंडाने सांगूही शकत नव्हते.

आई मला मावशींकडे घेऊन गेली, आणखी ढगळ कुडता शिवायला. मावशींनी माप घ्यायला टेप काढला, माझ्याकडे बघितलं आणि टेप परत गळ्यात टाकला. आईला म्हणाल्या, "शुक्रवारी बारा वाजता हिला माझ्याबरोबर धाडा. कापड दाखवायचंय."

कापड कसलं, त्यांनी मला थेट टॉकीजवर नेलं. पिवळ्या चोळीचाच सिनेमा. मी दारातून पळणार होते, पण त्यांनी मनगट धरलं होतं. तिसऱ्या रांगेत मावशींना बघून पोरांनी आपणहून दोन खुर्च्या रिकाम्या केल्या. गाणं सुरू झालं, शिट्ट्या सुरू झाल्या, पडद्यावर चिल्लर उधळली गेली. मी डोकं गुडघ्यांत घातलं. मावशींनी हनुवटी धरून ते वर केलं.

"ही पोरं बघतात तिथं नको," त्या कानाशी म्हणाल्या, "मी सांगते तिथं बघ."

मी बघितलं. काखेत पिवळं कापड घामाने गडद झालं होतं. कुशीत चोळीला एक सेफ्टीपिन लावलेली होती. ती गिरकी घेऊन वळली तेव्हा उघड्या पाठीवर पट्टीच्या खाली लाल वळ दिसला, क्षणभरच. हसता हसता ती तोंडाने श्वास घेत होती. एकदा तिचा पाय सरकला, तिने तो सावरला आणि हसू तसंच ठेवलं.

"दमलीय बघ," मावशी म्हणाल्या. "किती वेळा नाचवली असंल कोण जाणे. तुझ्याच वयाची हाय. कुणी शाल तरी दिली असंल का गं हिला?"

दोन महिने त्या मुलीचा मला राग येत होता, जणू तिने ते घातलं म्हणून माझ्यावर ही वेळ आली. त्या दिवशी मला तिची कणव आली आणि मी हमसून रडले. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, काय भाविक प्रेक्षक आहे.

परत येताना आम्ही गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, पायऱ्यांवर बसलो. मी विचारलं, की मग चांगल्या बाईने करायचं तरी काय, नुसतं बघू द्यायचं? मावशी पाण्याकडे बघत म्हणाल्या, "माझा नवरा का गेला, ठावं हाय? मी त्याच्याकडं टक लावून बघायची. लय आवडायचा मला. एकदा मीच आधी हात धरला. तर म्हणला, असल्या सवयी घरंदाज बाईला नसतात. तवापासून दचकूनच राहिला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझं काय चुकलं नव्हतं. तुझंबी काय चुकलेलं नाय. अंग तुझं हाय. त्याच्या सातबाऱ्यावर निमाणीच्या पोरांची नावं चढलेली नायत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मेन रोडवर एका दुकानात नेलं. जी वस्तू माझी आई पदराआड, डोळ्यांनी खुणावून विकत घ्यायची, ती मावशींनी साइज नंबरासकट लिलावाच्या आवाजात मागितली. दुकानदाराने घाईघाईने ती वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली, तर म्हणाल्या, "उघडून दाखवा, चोरीचा माल हाय का?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. पण मापाची वस्तू अंगाला बसली तेव्हा कळलं की पोक काढायचं अर्धं कारण तर चुकीचं माप हेच होतं. कुडताही त्यांनी मापाचा शिवला. मी डबा काढला, शिंकले, हसले. कुठेही ओढलं नाही.

सोमवारी मी स्टॉपवर गेले. गाणं सुरू झालं. मी मान वळवून गाणाऱ्याकडे सरळ बघितलं, चांगलं निवांत बघितलं. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, मान काडीएवढी, आणि कानापर्यंत लाल झालेला. गाणं त्या दिवशी काही थांबलं नाही, खोटं कशाला सांगू. महिनाभर अधूनमधून चालू राहिलं. पण मी बस सोडली नाही, वर्ष सोडलं नाही, आणि स्थळांचं वडिलांनी परत काढलं नाही. बी. ए. झाले, बी. एड. झाले, पेठला शाळेत नोकरी लागली. फळ्यावर अगदी वरपर्यंत हात नेऊन, साठ पोरांकडे पाठ करून मी लिहिते, तेव्हा माझ्या मनात पाठीचा विचारही येत नाही. ही केवढी मोठी गोष्ट मला त्या बाईने दिली, ते कसं सांगू?

नोकरीनंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांच्यासाठी आमसुली रंगाचं ब्लाउजपीस नेलं. मावशींचे स्वतःचे ब्लाउज म्हणजे आनंदच असे. उरल्यासुरल्या तुकड्यांचे, अंदाजाने कापलेले, कधी कधी दोन बाह्या दोन रंगांच्या. हे कापडही त्या तसंच वाया घालवणार हे मला माहीत होतं, म्हणून मी म्हटलं, उभ्या राहा, माप मी घेते. त्यांनी शंभर सबबी सांगितल्या. दूध उतू जाईल म्हणाल्या, गिऱ्हाईक येईल म्हणाल्या, मास्तरणीला काय कळतंय म्हणाल्या. मी टेप त्यांच्या गळ्यातून काढून घेतला.

खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या दचकल्या. पाठीवरून टेप फिरवला तर अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा मी इंदूमावशींना गप्प झालेलं पाहिलं. मी छातीचं माप घेतलं, दंडाचं घेतलं, मानेजवळ बोट ठेवून गळ्याचं घेतलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"दिवसाला दहा बायांना हात लावते मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू बोलता येत होतं त्यांना. "मला मात्र कुणाचा लागत नाय गं. वीस वर्षं झाली."

मी टेप गुंडाळायला लागले.

"झालं का?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

झालं होतं. सगळी मापं कागदावर नीट लिहून झाली होती.

"नाही," मी म्हटलं, "चुकलंय बहुतेक. परत सगळं पहिल्यापासून घेते." आणि टेप पुन्हा त्यांच्या खांद्यावर ठेवला.