टकल्या कप्तान आणि घट्ट खळ

लेकाचा परगावाहून फोन आला. "आई, माझ्या खोलीतली ती अंतराळाची पुस्तकं विकतोय. गिऱ्हाईक येईल. तेवढी क्रमानं लावून ठेव."

"कुठल्या क्रमानं?"

"अगं, टीव्हीवर मालिका बघायचो ना, तिच्याच कादंबऱ्या. मालिकेच्या क्रमानं लाव. सोपं आहे."

सोपं म्हणे! पुस्तकांवर ना आकडा, ना तारीख. प्रत्येकावर तोच कप्तान, यानाच्या खिडकीत कमरेवर हात ठेवून उभा.

आईला सगळं कुटुंब थोरली म्हणे. हाक मारायला आता घरात कुणी नव्हतं, नाव तेवढं मागे राहिलं होतं. शाळा बेताची, पण माणसाचं वय तिला चेहऱ्यावरून कळे. काळ्या केसांचा कप्तान आधी, कानशिलं पिकलेला मग, टकल्या शेवटी. लावता लावता ती वाचूही लागली. हा कप्तान ग्रहामागून ग्रह पालथे घालत होता, पण आईला एक निरोप धाडेल तर शपथ!

"सगळ्यांची कार्टी सारखीच," ती पुस्तकाला म्हणाली.

क्रम मोडू नये म्हणून तिनं पिठाची घट्ट खळ शिजवली आणि प्रत्येक कप्तानाच्या छातीवर आकड्याची चिठ्ठी डकवली. काम कसं, पक्कं.

गिऱ्हाईक आलं. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एकटा गृहस्थ. कपाट बघून तो जमिनीवरच बसला.

"आजी, काय केलंत हे!"

"आजी कुणाला म्हणतोस? तुझे पिकलेले केस बघ आधी."

"अहो, कप्तान उलट्या काळाच्या ग्रहावरचा. म्हातारा जन्मतो आणि तरुण होत जातो. टकल्या पहिला!"

"असलं अवलक्षणी पोर मी घरात घेतलं नसतं."

"क्रमाचं सोडा. चिठ्ठ्या डकवलेली पुस्तकं संग्रहाला कोण घेईल?"

"त्यात काय, निघतात की!" तिनं एक ओढून दाखवली. चिठ्ठीबरोबर कप्तानाची अर्धी छातीही आली.

लेक फोनवर करवादला, "तुला कुणी सांगितलं होतं नसतं शहाणपण? रद्दीवाल्याला बोलाव आता."

थोरलीनं फोन ठेवला. पुस्तकं गेली की लेकाची खोली रिकामी, आणि मग त्याला फोन करायला निमित्त ते काय उरणार?

गृहस्थानं घसा खाकरला. "रद्दीत नका घालू. वाफ दिली तर निघतील चिठ्ठ्या. मी रविवारी येतो. घरी तरी भिंतींशीच बोलायचं."

तो येऊ लागला. किटलीच्या वाफेवर पुस्तक धरायचं, चिठ्ठी सोलायची आणि उरल्या पाण्याचा चहा घ्यायचा.

"ह्या मेल्याला आई नाही का रे?"

"आहे ना. शेवटच्या पुस्तकात भेटते. तान्हा होतो ना तो तेव्हा."

"म्हणजे आईकडे यायला ह्याला आधी सगळं आकाश संपवावं लागतं."

तिनं पुढचं पुस्तक किटलीवर धरलं.

काम संपत आलं. पुढच्या रविवारी त्यानं कपाट उघडलं, तर सोललेल्या पुस्तकांवर पुन्हा चिठ्ठ्या! बोट लावलं, तर बोटच चिकटलं.

थोरली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हवेत ओल आहे. चिकटतात आपोआप."

त्यानं शांतपणे बाह्या दुमडल्या. "हे नुसत्या रविवारांनी भागणार नाही, बाई. बुधवारीही यावं लागेल."

"ये. पण येताना साखर आण. तुझ्यापायी माझा डबा खडखडतोय."